पांढऱ्या अस्वलाची बेगमी

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, हडसनच्या उपसागराकाठी चर्चिल नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. तिथे जायला मोटाररस्ता नाही. विनिपेगहून रेल्वेने सुमारे १,७०० किलोमीटरचा, दोन दिवसांचा प्रवास, नाही तर विमान. दर वर्षी जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत कधीतरी उपसागरावरचा बर्फ फुटतो आणि त्यावर वावरणारी पांढरी अस्वलं एकेक करून किनाऱ्याला लागतात. बर्फाचे शेवटचे तुकडे तरंगत असतात तोवर ती त्यांच्यावरच थांबतात. अगदीच पाय ठेवायला जागा उरली नाही की पोहत जमीन गाठतात. नोव्हेंबरमध्ये पाणी पुन्हा गोठेपर्यंत मग त्यांना जवळजवळ काहीच खायला मिळत नाही.

हा उपास नवा नाही. पिढ्यानपिढ्या ही अस्वलं असाच उन्हाळा काढत आली आहेत. पावसाळ्याची बेगमी नीट करून ठेवलेल्या घराला चार महिने बाजार बंद असला तरी घोर लागत नाही, तसंच हे. फक्त त्यांची बेगमी कणगीत किंवा बरणीत नसते, कातडीखाली असते. ही चरबीची बेगमी कशी होते ते एकदा नीट कळलं, की या प्राण्याचं शरीर, त्याचा स्वभाव आणि त्याच्यावर आलेलं संकट, तिन्ही एकाच धाग्यात ओवलेली दिसतात. म्हणून हा लेख मी त्याच धाग्याने विणला आहे.

आपल्याकडे अस्वल म्हटलं की विदर्भाच्या जंगलात वारुळं उकरणारं, मोहाची फुलं वेचून खाणारं काळं जनावर डोळ्यांपुढे येतं. अस्वलांच्या कुळात बहुतेकांची रीत अशीच: फळं, मुळं, किडे, मासे, मेलेलं जनावर, जे मिळेल ते. या कुळातल्या दोघांनी मात्र वेगळी वाट धरली. पांडा बांबूकडे वळला आणि पांढरं अस्वल चरबीकडे. त्याचे पूर्वज तपकिरी अस्वलांचे जवळचे भाऊबंद. अजूनही दोघांचा संकर होऊ शकतो. २००६ साली कॅनडाच्या बँक्स बेटावर शिकाऱ्याने मारलेलं एक अस्वल असंच मिश्र निघालं, हे डीएनए तपासणीत सिद्ध झालं. नातं इतकं जवळचं असूनही जगण्याची रीत पार बदलली आहे. १७७४ साली कॉन्स्टंटाइन फिप्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने या प्राण्याला 'उर्सुस मॅरिटिमस' हे शास्त्रीय नाव दिलं. त्याचा अर्थ समुद्री अस्वल. अमेरिकेच्या कायद्यातही त्याची गणना देवमासे आणि सील यांच्यासोबत सागरी सस्तन प्राण्यांत होते, आणि ते अगदी योग्य आहे.

थंडी आणि बर्फ, एकच नव्हे

पुष्कळांना वाटतं की हा थंडीचा प्राणी आहे आणि उष्णता वाढली की त्याला उकडेल, एवढाच प्रश्न आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. थंडी त्याला सोसते, पण थंडीने त्याचं पोट भरत नाही. त्याला हवा असतो समुद्राचा बर्फ, म्हणजे समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठून पृष्ठभागावर तयार होणारा, दर हिवाळ्यात वाढणारा आणि उन्हाळ्यात आटणारा थर. हिमनद्यांचा किंवा डोंगरावरचा बर्फ निराळा.

हा थर म्हणजे एक अख्खं शेत आहे, फक्त उलटं. पीक त्याच्या खालच्या अंगाला येतं. वसंतात सूर्य वर आला की बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर त्याच्या तळाशी शेवाळ वाढतं. ते शेवाळ सूक्ष्म जीव खातात, त्यांना आर्क्टिक कॉड नावाचे छोटे मासे खातात, माशांना सील खातात आणि सीलना अस्वल. बर्फ गेला की अस्वलाच्या पायाखालची जमीन तर जातेच, शिवाय या साखळीची पहिली कडीही सैल होते.

आता शिकारीकडे या. पांढरं अस्वल उत्तम पोहतं. अलास्काच्या उत्तरेला बोफर्ट समुद्रात २००८ साली माग काढणारा गळपट्टा बांधलेली एक मादी नऊ दिवसांत सलग ६८७ किलोमीटर पोहल्याची नोंद आहे. (या प्रवासात आणि त्यानंतरच्या भटकंतीत तिचं २२ टक्के वजन घटलं आणि सोबतचं वर्षाचं पिल्लू दगावलं.) पण पोहता येणं वेगळं आणि पाण्यात सील पकडणं वेगळं. पाण्यात सील त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ असतं. अस्वलाला संधी मिळते ती सील श्वास घ्यायला वर येतं तेव्हा, आणि ते नेमकं कुठे वर येणार हे ठरवून देतो तो बर्फ. रिंग्ड सील नावाची लहानखुरी जात पुढच्या पायांच्या नखांनी बर्फात श्वासाची भोकं कोरते आणि हिवाळाभर ती गोठू न देता उघडी ठेवते. आर्क्टिकचे मूळनिवासी इनुइट लोक या भोकाला 'अग्लू' म्हणतात. अस्वल वासावरून अग्लू हेरतं आणि त्याच्याशेजारी बसून राहतं, कधी कधी तासन् तास, हालचाल न करता. नाक वर आलं की पंजाचा किंवा जबड्याचा एक झटका. बहुतेक वेळा नेम चुकतो, आणि मग पुन्हा बसायचं.

खरी सुगी येते वसंतात. मार्च-एप्रिलमध्ये रिंग्ड सीलच्या माद्या बर्फावर साचलेल्या हिमात, अग्लूच्या डोक्यावर पोकळी करून पिल्लं घालतात. बाहेरून काही दिसत नाही. अस्वल वासाने जागा हेरतं, मागच्या पायांवर उठतं आणि पुढच्या दोन्ही पायांचा सगळा भार टाकून हिमाचं छत फोडतं. दूध पिऊन गुबगुबीत झालेल्या आणि नुकत्याच आईपासून सुटलेल्या पिल्लाच्या अंगात निम्मी चरबी असते आणि शत्रू ओळखायची अक्कल अजून आलेली नसते. एप्रिल ते जुलै या काळात अस्वल वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा गाठीला बांधतं. हा हंगाम एक-दोन आठवड्यांनी आखडला तर किती मोठा फटका बसतो, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मारलेल्या सीलचं अस्वल काय खातं हेही बघण्यासारखं आहे. शिकार भरपूर असेल तेव्हा धष्टपुष्ट अस्वल आधी कातडी आणि चरबी ओरपतं आणि मांस बरंचसं टाकून देतं. आर्क्टिक कोल्हे आणि गल पक्षी त्याच्या मागावर असतात ते या उष्ट्यासाठीच. चरबीत मांसातल्या प्रथिनांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त सुंदर वाटतं. प्रथिनं पचवताना तयार होणारा युरिया बाहेर टाकायला पाणी लागतं, आणि भोवती सगळा बर्फ आणि खारं पाणी. उलट चरबी जळताना शरीरात पाणी तयार होतं. म्हणजे चरबी हे त्याचं अन्नही आहे आणि पाणीही.

इतकी चरबी खाऊन त्याचं हृदय कसं टिकतं? २०१४ साली पांढऱ्या आणि तपकिरी अस्वलांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. रक्तातल्या चरबीची वाहतूक सांभाळणाऱ्या 'एपीओबी' या जनुकात पांढऱ्या अस्वलात ठळक बदल झालेले त्यात दिसले. हृदयाशी संबंधित इतर काही जनुकांवरही निवडीची खूण होती. रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर आणि तरी प्रकृती ठणठणीत, असं शरीर उत्क्रांतीने घडवलं आहे.

पूर्वी शास्त्रज्ञांचा समज होता की तासन् तास बसून शिकार करणाऱ्या या प्राण्याचा रोजचा खर्च बेताचा असणार. अँथनी पॅगानो आणि सहकाऱ्यांनी बोफर्ट समुद्रावर नऊ माद्यांना कॅमेऱ्याचे गळपट्टे बांधून मोजणी केली आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. खर्च अंदाजापेक्षा १.६ पट निघाला, दिवसाला सरासरी सुमारे १२,३२५ किलोकॅलरी, म्हणजे साधारण पाच-सहा माणसांचा आहार. तो भागवायचा तर दर दहा-बारा दिवसांना एक मोठं रिंग्ड सील हवं, किंवा तीन अर्धवट वाढलेली, किंवा एकोणीस नवजात पिल्लं. ऐन सुगीच्या दिवसांतसुद्धा नऊपैकी पाच माद्यांचं वजन घटत होतं.

कातडी, केस आणि पंजे

नराचं वजन साधारण ३५० ते ६०० किलो, मादीचं त्याच्या निम्मं. केस पांढरे नसतात. ते पारदर्शक असतात, वरचे लांब केस आतून पोकळ असतात आणि त्यांवरून उजेड विखुरला की पांढरे दिसतात. खालची कातडी काळी असते. यावरून एक गोष्ट फार पसरली आहे, की हे केस काचतंतूंसारखे सूर्याचा उजेड काळ्या कातडीपर्यंत पोचवतात. डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ साली प्रत्यक्ष मोजून दाखवलं की तसं काही होत नाही, उजेड केसातच विरतो. तरीही ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांत अजून छापली जाते, आणि ती मुलांना आपण शिकवू नये असं मला मनापासून वाटतं. खरी माहितीही तितकीच नवलाची आहे. उदाहरणार्थ, २००४ साली सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयातली दोन पांढरी अस्वलं हिरवी दिसू लागली, कारण त्या दमट हवेत केसांच्या पोकळीत शेवाळ वाढलं होतं. किंवा हे पाहा: पाण्यातून बाहेर आल्यावर उणे तीस अंशांतही त्याच्या अंगावर बर्फाचे गोळे चिकटून बसत नाहीत. केसांवरच्या तेलकट थराची रचनाच अशी आहे की बर्फ त्याला धरत नाही, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळलं. इनुइट शिकाऱ्यांना मात्र हा गुण केव्हापासूनच ठाऊक आहे. अग्लूपाशी सीलची वाट पाहताना पायाखाली किंवा बसायच्या तिवईच्या पायांना ते या कातडीचे तुकडे लावत, म्हणजे बर्फ चिकटत नाही आणि आवाजही होत नाही.

ऊब धरून ठेवण्याची ही सोय इतकी चोख आहे की पळताना अस्वलाला उकाड्याचा त्रास होतो. त्यामुळे ते सहसा संथ चालतं. तळपाय तीस सेंटिमीटरपर्यंत रुंद. पातळ बर्फावर भार पसरायला आणि पाण्यात वल्ह्यासारखे वापरायला तेच कामी येतात.

शास्त्रज्ञांना अडचणीची ठरलेली एक गोष्ट म्हणजे नराची मान. ती डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे गळपट्टा घसरून निघून जातो. पांढऱ्या अस्वलांच्या भटकंतीबद्दल आपल्याला असलेली बहुतांश माहिती म्हणूनच माद्यांची आहे. पुढे जेव्हा एखाद्या बातमीत 'अस्वलं इतके किलोमीटर फिरतात' असं वाचाल, तेव्हा ते 'माद्या फिरतात' असं वाचलं तरी बहुधा चुकायचं नाही.

मादीचा हिशेब

नर-मादी एप्रिल-मेमध्ये बर्फावर एकत्र येतात. गर्भ मात्र लगेच रुजत नाही. फलित बीज काही महिने गर्भाशयात नुसतं तरंगत राहतं. उन्हाळा सरता सरता मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठलेली असली तरच ते रुजतं, नाही तर त्या वर्षी काही नाही. शरीर आधी कणगी तपासतं आणि मगच पाहुण्याला आवतण देतं.

पांढरी अस्वलं हिवाळ्यात झोपत नाहीत. नर, पिल्लं नसलेल्या माद्या, वाढलेली पिल्लं, सगळी अंधाऱ्या ध्रुवीय रात्रीतही बर्फावर शिकार करत असतात. बिळात जाते ती फक्त गरोदर मादी. बहुतेक ठिकाणी ती साचलेल्या हिमात बीळ करते, पण हडसनच्या पश्चिम किनाऱ्यावर माद्या कायम गोठलेल्या पीट जमिनीतल्या (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातल्या) काठांवर पोखरलेली मातीची बिळं वापरतात. हा बिळांचा प्रदेश १९९६ साली 'वापुस्क' राष्ट्रीय उद्यान झाला. क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरं अस्वल.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पिल्लं होतात, सहसा दोन. प्रत्येकाचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. अडीच-तीनशे किलोच्या आईचं हे मूल माणसाच्या बाळापेक्षाही कितीतरी लहान. आईच्या दुधात जवळजवळ एक तृतीयांश चरबी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुटुंब बाहेर पडतं तोवर पिल्लं दहा किलोंच्या आसपास गेलेली असतात. आईने या काळात काही खाल्लेलं नसतं. हडसनमधली मादी जुलैला बर्फावरून उतरलेली, म्हणजे तिचा उपास आठ महिन्यांचा. इतका दीर्घ उपास करून त्यातच बाळंतपण आणि अंगावरचं पाजणं निभावणारा दुसरा सस्तन प्राणी शोधावा लागेल. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त भारावून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

त्यानंतर पिल्लं साधारण अडीच वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहतात. शिकार, बर्फ ओळखणं, मोठ्या नरांपासून दूर राहणं, सगळं तिच्याकडूनच. म्हणजे एक मादी तीन वर्षांतून एकदा व्यायणार, आणि त्यातलीही बरीच पिल्लं पहिल्या वर्षातच दगावणार. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याची संख्या एकदा घसरली की सावरायला फार वेळ लागतो.

बेगमी पुरेनाशी झाली

चर्चिलच्या आसपासची अस्वलं, म्हणजे 'पश्चिम हडसन' गट, जगात सर्वांत जास्त अभ्यासलेली आहेत. इयान स्टर्लिंग या कॅनडियन जीवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७०-८० च्या दशकांपासून दर वर्षी त्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन वजनं घेतली, खुणा केल्या, वयासाठी एक निरुपयोगी बारीक दात काढून त्यातली वर्तुळं मोजली. त्या काळी इथली अस्वलं सगळ्यात सुदृढ होती. तिळी पिल्लं इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिसत आणि बरीच पिल्लं दीड वर्षातच स्वतंत्र होत. आता तिळी क्वचित, आणि पिल्लं अडीच वर्षं आईच्या मागे.

का, ते बर्फाच्या तारखा सांगतात. उपसागरावर बर्फ नसण्याचा काळ १९८० च्या दशकाच्या तुलनेत तीन ते चार आठवड्यांनी वाढला आहे. म्हणजे सुगी लवकर संपते आणि पुढचं पेरणं उशिरा. जमिनीवर अस्वल दिवसाला साधारण एक किलो वजन गमावतं; एक आठवडा वाढला की सात किलो जास्त. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सदतीस वर्षांच्या नोंदींवरून दिसलं की इथल्या आयांचं सरासरी वजन ३९ किलोंनी आणि वर्षाच्या पिल्लांचं २६ किलोंनी घटलं आहे. संख्या बघा: १९८७ मध्ये सुमारे १,२००, २०११ मध्ये ९४९, २०१६ मध्ये ८४२, २०२१ मध्ये ६१८. हे विमानातून किंवा खुणा करून काढलेले अंदाज आहेत, त्यात मागेपुढे होणार, पण उतार कोणत्या दिशेला आहे ते लपत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मग जमिनीवरचं काही का खात नाहीत? खातात की. अंडी, बोरं, गवत, समुद्रशेवाळ, पक्ष्यांची मढी. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर तर रेनडिअरची शिकार केल्याचीही नोंद आहे. पण त्याने भागतं का, हे बघायला २०१९ ते २०२२ दरम्यान याच किनाऱ्यावर वीस अस्वलांना कॅमेरे बांधले गेले. काही अस्वलं निपचित पडून राहिली, काही वणवण फिरून जे मिळेल ते खात राहिली, एक तर सीलच्या आशेने १७५ किलोमीटर पोहलं. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं. खाणाऱ्यांचं आणि न खाणाऱ्यांचं साधारण सारख्याच वेगाने, कारण शोधाशोधीतच मिळवलेलं खर्ची पडत होतं. चारशे किलोच्या देहाला बोरांवर पोसता येत नाही. टुंड्रावर, म्हणजे उत्तरेकडच्या झाडं नसलेल्या गोठलेल्या माळावर राहणारी तपकिरी अस्वलं त्यांच्या जातीत सर्वांत लहान असतात, तेही याच कारणाने.

बेगमीत आणखी एक विष मिसळलेलं आहे. पीसीबीसारखी कारखान्यांतली रसायनं वारा आणि सागरी प्रवाहांसोबत उत्तरेला पोचतात, चरबीत साठतात आणि शेवाळापासून सीलपर्यंत पायरीपायरीने दाट होत जातात. अस्वल साखळीच्या टोकाला. उपासात चरबी जळू लागली की तीच रसायनं रक्तात उतरतात, आणि मादीच्या दुधातूनही जातात.

माणसं आणि अस्वलं

भुकेलं अस्वल माणसाच्या वस्तीकडे वळतं. २०१९ च्या फेब्रुवारीत रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांवरच्या बेलुश्या गुबा या वस्तीभोवती पन्नासहून अधिक अस्वलं जमली आणि तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली.

चर्चिलने या बाबतीत जे केलं ते मला मोलाचं वाटतं. पूर्वी गावात वारंवार शिरणाऱ्या अस्वलाला बहुतेक वेळा गोळीच घातली जायची. आता तिथे चोवीस तास गस्त असते, मदतीसाठी फोन असतो. गस्तीवाले आधी आवाजाने, फटाक्यांनी अस्वलाला हुसकतात. ऐकलं नाही तर मोठ्या नळीसारख्या पिंजऱ्यात पकडून जुन्या लष्करी इमारतीतल्या २८ कोठड्यांपैकी एकीत ठेवतात. गावकरी तिला अस्वलांचा तुरुंगच म्हणतात. तिथे पाणी देतात, खायला देत नाहीत, कारण माणूस म्हणजे अन्न हे समीकरण एकदा डोक्यात बसलं की ते अस्वल पुढेमागे मारावंच लागतं. काही आठवड्यांनी किंवा समुद्र गोठल्यावर त्याला हेलिकॉप्टरने गावापासून दूर नेऊन सोडतात. २००५ च्या सुमारास गावाचा उघडा उकिरडा बंद केला गेला. गावात मोटारींना कुलूप लावत नाहीत. रस्त्यात अस्वल समोर आलं तर जवळच्या कुठल्याही गाडीत शिरता यावं म्हणून. उत्तरेला कॅनडाच्याच नुनावुत प्रदेशातल्या आर्वियात गावीही स्थानिकांची अस्वल-गस्त आहे.

आपल्या माणसांचाही या प्रदेशाशी संबंध आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ऑलेसुंड इथे भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिकडच्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. नी-ऑलेसुंडमध्येही घरांची दारं कुलूपबंद करत नाहीत, कारण तेच. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असावंच लागतं. २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर दूर राहण्याचा नियम झाला आहे.

काय जमलं, काय राहिलं

पन्नास-साठ वर्षांपूर्वी अस्वलाला मुख्य धोका बंदुकीचा होता. विमानातून, बोटीवरून, कातड्यासाठी आणि हौसेसाठी बेसुमार शिकार चालायची. सोव्हिएत संघाने १९५६ सालीच बंदी घातली. १९७३ साली ऑस्लोमध्ये कॅनडा, अमेरिका, सोव्हिएत संघ, नॉर्वे आणि डेन्मार्क या पाचही देशांनी करार केला. शीतयुद्धाच्या दिवसांत, एका प्राण्यासाठी. तो करार यशस्वी झाला आणि बऱ्याच ठिकाणी संख्या सावरली. इनुइटांसारख्या मूळनिवासींना ठरावीक कोट्यात शिकार करायची मुभा त्यात राहिली. बाहेरच्यांना ही मुभा खटकते. मला ती न्याय्य वाटते. 'नानुक', म्हणजे पांढरं अस्वल, हा त्यांच्या अन्नाचा, कपड्यांचा आणि श्रद्धेचा भाग आहे, आणि बर्फ वितळवण्यात त्यांचा वाटा जवळजवळ काहीच नाही.

याच इतिहासातून एक गैरसमज निघाला आहे: 'साठच्या दशकात पाच हजार होती, आता पंचवीस हजार आहेत, मग काळजी कसली?' साठच्या दशकातला आकडा हा अंदाजपंचे सांगितलेला होता. त्या वेळी मोजण्याची पद्धतच नव्हती. आज जगात सुमारे २६,००० अस्वलं असावीत असा २०१५ चा अंदाज आहे, त्यातली जवळपास दोन तृतीयांश कॅनडाच्या हद्दीत. ती एकोणीस गटांत विभागलेली आहेत, आणि २०२२ मध्ये आग्नेय ग्रीनलंडमध्ये आणखी एक वेगळा गट ओळखला गेला. हिमनद्यांतून तुटून फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांत साचणाऱ्या बर्फावर तो शिकार करतो. सगळ्या गटांची स्थिती सारखी नाही. अलास्का आणि रशियामधल्या चुकची समुद्रातली अस्वलं अन्नसमृद्ध उथळ समुद्रामुळे धडधाकट आढळली आहेत. हे लपवायचं कारण नाही. २०१७ साली सॉमरसेट बेटावरच्या एका हाडकुळ्या अस्वलाची चित्रफीत जगभर फिरली आणि ती हवामानबदलाचा पुरावा म्हणून दाखवली गेली. एकटं अस्वल म्हातारपणाने, आजाराने, जखमेनेही खंगतं. पुरावा आहे तो चाळीस वर्षांच्या वजनांच्या नोंदवहीत.

बर्फ कमी होण्याचा हिशेब सरळ आहे. कोळसा, तेल, वायू जाळून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो. हिमाने झाकलेला बर्फ ऊन परत फेकतो आणि उघडं पाणी ते शोषतं, म्हणून बर्फ गेला की तापणं आणखी वाढतं. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासूनच्या आहेत. सप्टेंबरमधला आर्क्टिक बर्फ दर दशकाला बारा टक्क्यांच्या आसपास घटत आला आहे. २००८ साली अमेरिकेने या अस्वलाला संकटग्रस्तांच्या यादीत घेतलं, तेव्हा मुख्य कारण म्हणून वितळणाऱ्या बर्फाचंच नाव घेतलं. पण सोबतच्या नियमांनी कारखान्यांच्या धुरावर तो कायदा लावायची वाट बंद केली. १९७३ च्या करारात बंदूक अडवता आली, धूर अडवायचं कलम त्यात नाही.

२०२० मध्ये पीटर मोल्नार आणि सहकाऱ्यांनी उपासाचे दिवस मोजून भविष्य मांडलं: उत्सर्जन असंच वाढलं तर शतकाअखेरीस अगदी उत्तरेकडची काही बेटं सोडून बहुतेक गटांत पिल्लं जगणं अशक्य होईल. दुसऱ्या बाजूला, स्टीव्हन ॲमस्ट्रप यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं होतं की समुद्राचा बर्फ एकदा अमुक इतका घटला की कायमचा कोसळतो, असं नाही. तो तापमानाच्या मागोमाग चालतो. तापणं थांबलं तर घटणंही थांबतं. हे मी दिलाशासाठी लिहीत नाही. ते भौतिकशास्त्र आहे, आणि काम करायला अजून जागा आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो.

चर्चिलला ऑक्टोबर सरत आला की अस्वलं किनाऱ्यावर गोळा होऊ लागतात. चर्चिल नदीचं गोडं पाणी तिथे समुद्रात मिसळतं, म्हणून बर्फ इथे आधी धरतो. नर एकमेकांशी उभ्याने झोंबतात, खेळल्यासारखे, नखं न लावता. मग नोव्हेंबरमध्ये एका थंड, वाऱ्याच्या रात्रीनंतर पाणी पांढरं होतं, काठावरचा बर्फ पायाचा भार पेलू लागतो आणि दोन-चार दिवसांत सगळी निघून जातात. मागे राहते ती गरोदर मादी, आत कुठेतरी तळ्याकाठच्या बिळात. तिला आता पिल्लं होतील. तिच्या उपासाचे निम्मे दिवस अजून जायचे आहेत.